लिव्हर नको, रिपोर्ट पाठव

पिंट्या,

काल रात्री तू मधेच फोन ठेवलास. ताई म्हणते रेंज गेली असेल, असेल बाबा. पण बोलणं अर्धवट राहिलं, आणि तू एकदा बोलायला लागलास की मला माझं काही सुचत नाही, तेव्हा लिहूनच पाठवते. किमोने बोटं अजून बधिर आहेत म्हणून थोडं टाइप केलंय आणि थोडं फोनला बोलून, त्याने भलतंच काही लिहिलं असेल तर समजून घे. बुधवारी सकाळी ॲडमिट व्हायचंय आणि गुरुवारी या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन, त्याआधी हे तुझ्यापर्यंत पोचायला हवं.

सगळ्यात आधी, तुझं लिव्हर मला नको.

तू ते बोललास तेव्हा मी गप्प झाले ते रागाने नाही रे. एकदम भरून आलं, बाबा समोर बसले होते, त्यांच्यासमोर नको म्हणून मी फोन ताईकडे दिला. चाळिशी उलटलेला पोरगा, घरात चिऊ एवढीशी, फ्लॅटचे हप्ते चालू, आणि म्हणतो आई माझ्या लिव्हरचा तुकडा घे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण नको म्हणजे नको, आणि नुसतं आईचं मन म्हणून म्हणत नाहीये, आज सकाळी सर्जनना विचारून आलेय. ते म्हणाले मुलाने वाचलंय ते खोटं नाही, फ्रान्सच्या डॉक्टरांनी 2024 साली त्याचा मोठा अभ्यास छापलाय, पण ते ट्रान्सप्लांट ज्यांच्या लिव्हरवरच्या गाठी कापून काढताच येत नाहीत त्यांच्यासाठी, तेही फार निवडून निवडून. माझ्या तीन गाठी आहेत आणि त्या काढता येतात. दोन कडेला आहेत त्या कापून काढणार, एक आत खोल आहे ती सुई घालून जाळणार, मायक्रोवेव्ह म्हणतात त्याला. लिव्हर परत वाढतं, निरोगी असेल तर दोन तृतीयांश काढलं तरी काही आठवड्यांत भरून येतं, माझं किमोने थोडं थकलंय पण माझं तेवढं काढायचंही नाहीये. मग तुला कशाला कापायचं? धडधाकट माणसाला?

आणि मग त्यांनी मला विचारलं, मुलाची कोलोनोस्कोपी, ती दुर्बिणीने आतडं बघायची तपासणी, झाली का. मी म्हणलं नाही. ते काही बोलले नाहीत, फाईलमध्ये काहीतरी लिहिलं.

असो. हे पत्र त्यासाठी नाही, ते तुला सांगून झालंय.

ऑपरेशनचं नीट सांगते, कारण ताई तुला निम्मं सांगते आणि बाबा काहीच नाही. मुख्य गाठ मोठ्या आतड्याच्या शेवटी, गुदाशय सुरू होतो तिथे आहे. तेवढा भाग आजूबाजूच्या लिम्फ नोडसकट काढायचा, वरचं टोक खालच्याला जोडायचं, आणि त्याच भुलीत लिव्हरचं करायचं. सहा-सात तास धरून चला म्हणाले. यावर तीन ठिकाणी तीन मतं पडली हे तुला माहितीच आहे. एक म्हणाले आधी आतडं, मग दमाने लिव्हर. मुंबईचे म्हणाले आधी लिव्हर, कारण पुढे जीवाला धोका तिथूनच आहे. इथले म्हणतात दोन्ही एकदम. आणि चौथं, जे तोंडाने कोणी बोललं नाही पण ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे सगळे डॉक्टर मिळून ठरवतात त्या बैठकीच्या, कागदावर लिहिलेलं होतं, की ऑपरेशन करूच नये, किमो चालू ठेवावी आणि किती दिवस दबून राहतं ते बघावं. तुला वाटतं मी कंटाळून इथलं हो म्हणलं, घराजवळ म्हणून. तसं नाही. मी प्रत्येकाला विचारलं की अर्ध्यात थांबायची वेळ आली तर कुठे थांबाल? दोघांनी ते तेव्हाचं तेव्हा बघू म्हणलं. इथल्यांनी सरळ सांगितलं, आतड्याला वेळ जास्त लागला किंवा रक्त जास्त गेलं तर लिव्हरला हात लावणार नाही, टाके घालून बाहेर येऊ, दोन महिन्यांनी परत आत जाऊ. कुठे थांबायचं हे ज्याने आधी ठरवलंय त्याच्या हातात मी माझं भारीतलं कापडसुद्धा दिलं असतं. एवढंच कारण. याहून जास्त मला कळत नाही आणि कळतं असं दाखवणारही नाही.

पाच वर्षांचं पण विचारलं मी, ताई नको नको म्हणत असताना. लिव्हरच्या गाठी नीट निघाल्या तर 100 मधले 40च्या आसपास लोक पाच वर्षं पार करतात. आणि निम्म्याहून जास्त लोकांना कधी ना कधी परत उगवतं, मग परत किमो, कधी परत ऑपरेशन. हे तुला स्पष्ट लिहितेय कारण तू मला व्हिडिओ पाठवतोस त्यात सगळे बरेच होतात. इम्युनोथेरपीचा पाठवलास, त्याचंही विचारलं. बायोप्सीच्या तुकड्यावर एमएमआर म्हणून एक टेस्ट करतात, त्यात बिघाड निघाला तर ते औषध या कॅन्सरवर छान चालतं, पण चौथ्या स्टेजच्या 100 पेशंटमध्ये असे चार-पाचच निघतात. माझ्यात तो बिघाड नाही. केआरएएस नावाच्या जीनमध्ये मात्र बदल निघाला, त्यामुळे सेटुक्सिमॅब नावाचं ते दुसरं महागाचं इंजेक्शन पण बाद. पोटात गरम किमो फिरवतात तो व्हिडिओ, ते पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरलेल्यांसाठी, माझं अस्तर पेट स्कॅनमध्ये स्वच्छ आहे. सासवडच्या भाच्याने काढा पाठवलाय तो कपाटात ठेवलाय, घेत नाहीये, लिव्हर कापायच्या आधी लिव्हरला नसती कामं नकोत असं डॉक्टर म्हणाले. भाच्याला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल.

म्हणजे माझं सगळं पर्याय बघून झालंय बाळा. माझ्या वाट्याला जे आहे त्यातलं बऱ्यातलं बरं मी निवडलंय. तुझ्या वाट्याला याहून कितीतरी सोपं आहे. हा रोग आतड्यात एकदम उगवत नाही, आधी एवढासा कोंब असतो, पॉलिप, त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. दहा वर्षं तो तिथे बसलेला असतो आणि दुर्बिणीने दिसतो आणि दिसला की त्याच नळीतून तिथल्या तिथे तारेच्या फासाने काढून टाकतात. ताईचा काढला की नाही? तिला काही त्रास होता का? काही नव्हता. चिंचवडहून रिक्षाने गेली आणि संध्याकाळी मला साबुदाण्याची खिचडी करून आणली. आणि तू म्हणतोस रिलीज आहे, क्वार्टर एंड आहे, चिऊची परीक्षा आहे. चिऊ पहिलीत आहे रे, तिची कसली परीक्षा.

झालं माझं सुरू. राग मानू नकोस. रात्री पडून पडून हेच डोक्यात फिरतं, स्वतःच्या पोटाचा विचार करायला घेते आणि तुझ्या पोटावर येऊन थांबते.

दुसरं सांगते काहीतरी. परवा स्टोमाची सिस्टर आली होती. जोड नाजूक वाटला तर तो भरून येईपर्यंत काही महिने आतडं पोटावर बाहेर काढून पिशवी लावतात, आणि ती जागा आधीच पेनाने आखून ठेवावी लागते कारण आत टेबलावर आडवं झालेल्या माणसाचं पोट वेगळं आणि उभ्याचं वेगळं. तिने मला बसवलं, उठवलं, वाकवलं, उजवीकडे खाली खूण केली. मी म्हणलं सिस्टर, इथे माझ्या परकराची नाडी येते. ती म्हणाली काकू जरा साडी नेसून दाखवा. मग मी तिथेच नेसले, नऊवारी नाही म्हणा, साधी पाचवारी, आणि नाडी कुठे बसते, निऱ्या कुठे खोचल्या जातात, बसल्यावर पोटाला वळी कुठे पडते ते तिला दाखवलं. तिने जुनी खूण पुसली आणि दोन बोटं खाली नवी केली. म्हणाली ब्लाऊज शिवणाऱ्या बाईंनी बरोबर सांगितलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या पोटाबद्दल मला विचारलं आणि माझं ऐकलं. घरी आले आणि पॉपलिनच्या उरलेल्या तुकड्यांतून त्या पिशवीला घालायला खोळी कापल्या, आत मऊ अस्तर, वरून बंद. दुकानातल्या पोरीने टीप मारली. सुईत दोरा पण तीच ओवते आता, किमोतल्या ऑक्झाली नावाच्या औषधाने माझ्या बोटांची टोकं गेली आहेत, हूक लावताना हूक हातात आहे की पडला ते बघावं लागतं. डॉक्टरांनी शेवटच्या किमोंतून ते औषध काढूनच टाकलं. मार्च महिन्यात फ्रिजमधून दूध काढताना झिणझिण्या यायच्या, मोजे हातात घालून काढायचे. आता तेवढं नाही. हळूहळू येईल परत, वर्ष लागेल म्हणतात, काहींचं पूर्ण येत नाही.

मला भीती वाटते का असं तू विचारलंस. वाटते. मरायची म्हणशील तर तेवढी नाही, भूल दिल्यावर माणसाला काय कळतंय. उठल्यावर हातात सुई धरता येणार नाही याची वाटते. तुझ्या बाबांची वाटते, त्यांना कुकरची दुसरी रिंग कुठे ठेवलीय ते माहीत नाही आणि विचारणार पण नाहीत, तसेच भात करपवत बसतील. एवढी वर्षं पीएमटीत रोज हजार माणसांशी बोलून घरी आले की तोंड बंद, आता तर माझ्यासमोर नुसते बसून असतात. श्वासाचा व्यायाम करायला ते तीन गोळ्यांचं यंत्र दिलंय ना, नळीतून हवा ओढली की गोळ्या वर जातात, ते मी करताना हे समोर बसून मोजतात. तिसरी गोळी वर गेली की मान डोलावतात. तेवढंच काय ते बोलणं.

आणि तुझी वाटते.

आता मनातलं बोलूनच टाकते, सूनबाईवर ओरडणार नाहीस असं कबूल करून पुढे वाच. तिने मला सांगितलंय. संडासातून रक्त पडतंय तुला, दोन-तीनदा तिने बघितलंय, आणि तू म्हणतोस मूळव्याध आहे, तिखट कमी केलं की जातं. चुगली म्हणून नाही सांगितलं तिने, फोनवर रडत होती. मूळव्याध असेलही. बहुतेक वेळा मूळव्याधच असते, असो, असावीच, मी सारसबागेच्या गणपतीला तेच मागितलंय. पण माझ्या वेळीही मूळव्याधच म्हणाले होते ना, मलम दिलं, इसबगोल दिलं, आणि ते जे होतं ते आत वाढत होतं. नुसतं बाहेरून बघून कोणालाच कळत नाही. माझ्या माहेरच्या नानांना काय झालं होतं ते तरी कुठे कळलं. 52व्या वर्षी गेले, पिवळेजर्द झाले होते, सासवडच्या वैद्यांनी कावीळ म्हणलं, आम्ही पण सगळ्यांना कावीळच सांगत आलो. आता इथल्या डॉक्टरांनी मला कागदावर घराण्याचं झाड काढायला लावलं आणि नानांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. म्हणाले लिव्हरमध्ये पसरल्यावर कावीळ होते, आतड्यातून आलं असेल, सांगता येत नाही.

तू म्हणशील, आई तुझ्या एमएमआरमध्ये काही नाही म्हणजे हे घराण्यातलं नाही. मला माहिती होतं तू हे काढणार, म्हणून तेही विचारून ठेवलंय. घराण्यात पिढ्यान् पिढ्या उतरणारा जो ठरावीक प्रकार असतो तो बहुतेक नाही. पण सख्ख्या नात्यात एकाला जरी झाला तरी मुलांचा धोका बाकीच्यांच्या दुपटीच्या आसपास जातो, कारण सगळेच जीन कुठे टेस्टमध्ये सापडतात. म्हणून अशांनी 40 व्या वर्षी पहिली कोलोनोस्कोपी करायची, किंवा घरातल्याला ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल ते. तुझं 40 उलटून गेलं. आणि हे ज्यांना काहीच त्रास नाही त्यांच्यासाठी. रक्त पडत असेल तर वय बघायचंच नाही. तो हॉलिवूडचा चॅडविक बोसमन, ज्याचं पोस्टर तू हॉलमध्ये लावलं होतंस आणि मी म्हणलं होतं दिवाणखान्यात देवाचं तरी लाव, तो याच आतड्याच्या कॅन्सरने 2020 साली गेला, 43 व्या वर्षी. तो काय व्यायाम करत नव्हता? 

तुला दवाखान्याची भीती कुठून बसली ते मला माहितीये. नऊ वर्षांचा होतास, अनंत चतुर्दशी, संध्याकाळपासून पोट दुखतंय म्हणत होतास आणि आठाच्या सुमारास वाकडाच झालास. बाबा ड्युटीवर. नारायण पेठेतून पलीकडे दवाखान्यात न्यायचं म्हणजे मधे लक्ष्मी रोड, आणि लक्ष्मी रोडवर मिरवणूक, मुंगी शिरणार नाही. मी तुला उचललं आणि गल्लीच्या तोंडाशी आले, कोणी सरकेना, कोणाला ऐकूच जाईना, ढोलांचा आवाज नुसता छातीत. मग मी दोरावर गेले, पथकाचा दोर असतो ना, तिथे एका पोराला ओरडून सांगितलं. त्याने हात वर केला आणि सगळे ढोल थांबले रे. सगळे. त्याने कमरेचा ढोल सोडून रस्त्यात ठेवला, तुला माझ्याकडून घेतलं आणि गर्दीतून सरळ पळत सुटला, पुढची पोरं हाताची साखळी करून वाट करत होती. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर तू ओकलास. दवाखान्याच्या पायरीवर तुला माझ्या हातात दिलं आणि परत पळाला, नाव पण विचारायचं राहिलं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. रात्री शुद्धीवर आलास तर तुझं एकच, घरी चल, घरी चल. आणि तेव्हापासून स्पिरिटचा वास आला की तुझा चेहरा पांढरा पडतो, चिऊच्या वेळी लेबर रूमच्या बाहेर तू खुर्चीत डोकं खाली घालून बसला होतास ते मी बघितलंय. आणि हाच पोरगा म्हणतो की माझं पोट फाडा आणि लिव्हर काढून आईला द्या. मला अभिमान वाटतो रे तुझा, कसा सांगू. पण मला ते लिव्हर नको, त्यातली एक शंभरावी हिंमत वापर आणि ती तपासणी कर.

भीती काय होणार ते माहीत नसल्याचीच जास्त असते, म्हणून सगळं सांगते. माझी झालीये, ताईची झालीये. आदल्या दिवशी पातळ खायचं, गाळलेलं वरणाचं पाणी, ताक नको, नारळपाणी, लिंबू सरबत, लाल रंगाचं काही नको कारण आत रक्तासारखं दिसतं. मग पावडर पाण्यात घालून प्यायची, दोन लिटर तरी, अर्धी रात्री आणि अर्धी पहाटे. गार करून पी, स्ट्रॉने, जरा बरी जाते. संडासाच्या आसपासच राहायचं. सकाळपर्यंत नुसतं पिवळसर स्वच्छ पाणी पडायला लागलं की आतडं साफ झालं. तिथे हाताला एक सुई, ती पण बारीक, त्यातून झोपेचं औषध, वीस ते तीस मिनिटं, तुला काहीही कळणार नाही. उठलास की पोटात हवा भरल्यामुळे जरा कळा, मग चहा-बिस्किट. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सूनबाईला बरोबर घेऊन जा. बंगळूरला जिकडेतिकडे होत असेल, इकडे यायची पण गरज नाही. जाण्याआधी तुझी बीपीची गोळी आणि रक्त पातळ करायची काही असेल तर डॉक्टरांना सांग.

पुरे आता. माझं ऑपरेशन आणि तुला तुझं सांगत बसलेय.

पैशाचं बघ. काही भाग फुले योजनेत बसतोय, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि आधार दिलंय, समाजसेविका बाई फार चांगल्या आहेत, त्याच सगळं फिरवतात. योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंत होतं, सुईने जाळायचं त्यात बसेल की नाही ते सोमवारी कळेल. वर लागले तर बाबांची एफडी आहे, ती मोडायला मी सही करून ठेवलीये. तू लोन काढू नकोस. परळला गेलो होतो तेव्हा टाटाच्या बाहेर फुटपाथवर बिऱ्हाडं मांडून राहिलेली माणसं बघितली, बिहारहून, आसामहून आलेली, लहान पोरांना किमो चालू आणि आई फुटपाथवर स्टोव्हवर भात शिजवतेय. आपल्याला घरी जाऊन आपल्या अंथरुणात झोपता येतंय. तेव्हा पैशावरून कोणी भांडायचं नाही, ताईशी तर अजिबात नाही, सहा महिने ती चिंचवड-पुणे करतेय, तू दूर आहेस हा तुझा दोष नाही पण ती जवळ आहे हा तिचाही नाही.

कन्सेंटचा कागद मी वाचून सही केली. जोड सुटू शकतो, रक्तस्राव, पित्त गळणं, फुप्फुसात पाणी, सगळं लिहिलंय. जोड सुटला तर साधारण पहिल्या आठ-दहा दिवसांत कळतं, तेव्हा ते दिवस नाजूक, ताप आला किंवा पोट फुगलं तर परत आत न्यावं लागेल. मला बोलता येत नसलं तर निर्णय ताई घेईल, ती इथे आहे आणि तिला सगळं समजावून झालंय. तू तिला हो म्हण. मशीनवर ठेवायची वेळ आली आणि डॉक्टर म्हणाले उपयोग नाही, तर ओढत बसू नका, हे बाबांना मी सांगितलंय, त्यांनी ऐकल्यासारखं केलं. तू एकदा त्यांच्याशी बोल. तुझ्याशी ते क्रिकेटचं तरी बोलतात.

दुकानाचं, कपाटात वरच्या खणात ज्यांचे ब्लाऊज तयार आहेत त्यांच्या पिशव्यांवर नाव आणि बाकी लिहिलीये. चौकातल्या जोशी काकूंचे पैसे घ्यायचे नाहीत. सासूबाईंचं मशीन, पानशेतच्या पुरानंतर घेतलेलं, ते कोणाला देऊ नका, चिऊला ठेवा, शिकली तर शिकली. हे सगळं जाण्याच्या तयारीने लिहितेय असं समजू नकोस, मला परत येऊन काम करायचंय, लग्नसराई तोंडावर आहे आणि दोन नवऱ्या मुलींची मापं घेतलेली आहेत. पण घर सोडून कुठे दोन दिवस गेलं तरी मी सांगून जाते, तसं.

गुरुवारी येऊ नकोस असं मी म्हणाले ते मागे घेते. ये. पण विमानाने येऊन तसाच वॉर्डात धावत येऊन उभा राहू नकोस, आधी घरी जा, आंघोळ कर, बाबांबरोबर जेव, मग ये. आणि रिकाम्या हाताने येऊ नकोस. अपॉइंटमेंटची चिठ्ठी घेऊन ये, तारीख लिहिलेली, पुढच्या महिन्यातली चालेल, त्यापुढची नाही. भूल देण्याआधी बघेन. तू मला नुसतं हो आई म्हणशील ते नको, हो आई मी खूप ऐकलंय.

पुन्हा तेच. काय करू.

सूनबाईला आशीर्वाद, चिऊला पापा. तिला सांग आजीच्या पोटातली गाठ काढायला डॉक्टर काका आहेत, खोटं काही सांगू नका, मुलांना कळतं.

तुझी
आई

ता. क. वॉर्डातला प्लग खाटेपासून लांब आहे. चार्जरची लांब वायर आण, ती तुझ्या जुन्या बॅगेत असेल, नसली तर तुळशीबागेतून घेऊन ये.